खुर्ची मावेल का, असं तिनं विचारलं होतं

मी बावीस वर्षं गाड्या विकल्या. महामार्गावर, नसरापूरच्या अलीकडे असलेल्या एका शोरूममध्ये. माझं गाव भोंगवली, त्यामुळे भोर-वेल्ह्याकडचं गिऱ्हाईक दारात दिसलं की आमचे साहेब केबिनमधूनच हाक मारायचे, "मोहिते, तुमची माणसं आली." आणि ती माझीच माणसं असायची. काचेचं दार, गुळगुळीत फरशी, एसीचा गारवा बघून बुजायची, चपला बाहेर काढायची. मी पुढे होऊन म्हणायचो, "घाला वो पायात, देऊळ हाय व्हय हे?" एवढ्यावर निम्मी गाडी विकली जायची.

या धंद्यातल्या गमती दिवाळी अंकासाठी लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पालीचे एक नाना होते. राजगडावर येणाऱ्या लोकांना घरगुती जेवण देऊन त्यांचं बरं चाललं होतं. त्यांनी ना मायलेज विचारलं ना रंग. फेटा बांधून प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि ज्या गाडीत फेटा छताला लागला नाही ती घेतली. त्यांना एक दिवसही पस्तावा झाला नाही. घरची गाडी निवडणं मुळात एवढंच असतं. आपल्याला काय न्यायचंय ते ठरवायचं आणि ते मावतंय का बघायचं. बाकीची बडबड आम्हा विकणाऱ्यांची.

पण आता लिहायला बसलो आहे तर वेल्ह्यापलीकडच्या पासलीच्या कुंदाबद्दल लिहितो. ही गंमत नाही.

हायब्रीड गाड्या आमच्याकडे नव्याने आल्या तेव्हाची गोष्ट. साहेबांनी आम्हाला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. परत आल्यावर मी माझ्या लोकांसाठी ते सोपं करून घेतलं. म्हणायचो, एका जुवाला दोन बैल आहेत. एक पेट्रोलचा, एक बॅटरीचा. हळू चालायचं असेल, वळणं असतील, तर बॅटरीचा ओढतो. चढ आला की दोघं मिळून ओढतात. उतारावर ब्रेक दाबला की बॅटरीचा बैल चरून घेतो, म्हणजे बॅटरी आपोआप भरते. त्याला घरी प्लग लावायचा नाही, दावणीला बांधायचं नाही. लोक हसायचे आणि त्यांना ते समजायचंही. तरी घ्यायला कुणी धजत नव्हतं. बॅटरी गेली तर काय, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. एक निळी हायब्रीड एसयूव्ही यार्डात तीन महिने धूळ खात पडून होती आणि साहेब रोज सकाळी मला तिच्याबद्दल विचारत होते.

अशात एका शनिवारी ते कुटुंब आलं. रघुनाथ, खेड शिवापूरकडे एका कंपनीत सुपरवायझर. त्याची बायको सुनीता, त्यांची लहान मुलगी, आई आणि आप्पा. आणि रघुनाथची धाकटी बहीण कुंदा, पस्तिशीची, चाकाच्या खुर्चीत. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. घराच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन ती गावातल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायची. दाखले, सातबारा, शिष्यवृत्त्या, पीकविमा.

मी सवयीने रघुनाथकडे वळलो. "बोला साहेब, डिझेल बघायची का?"

"मला डिझेलच पायजे हुती," रघुनाथ हसत म्हणाला, "पर गाडी ही निवडणार हाय. सगळं वाचून आलीय. तिलाच सांगा."

कुंदाने मांडीवरची वही उघडली. मला तो क्षण आजही नीट आठवतो, कारण त्याच क्षणी माझ्या मनात काहीतरी वाकडं गेलं.

ती म्हणाली, "आमचा रस्ता वळणाचा, खिंडीचा. वेल्ह्यापर्यंत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जात न्हाई. म्हंजी बॅटरीचा उपयोग लई. पावसाळ्यात आमच्याकडं दोन-दोन दिस लाईट नसती, तवा चार्जिंगची गाडी उपयोगाची न्हाई. म्हणून हायब्रीड. बरोबर ना?"

बरोबरच होतं. मी बैलांची गोष्ट सुरू केली तर ती म्हणाली, "त्ये कळलंय मला. बॅटरीची गॅरंटी किती वर्षांची, आन् त्यात काय काय धरलेलं न्हाई, त्ये सांगा." मला ते आठवेना. मी माहितीपत्रक चाळू लागलो. तिने वहीत बघून मलाच सांगितलं. आप्पा कौतुकाने हसले. रघुनाथही हसला. मीही हसलो, पण आतून मला ते लागलं. इतकी वर्षं या फरशीवर उभा राहिलेला माणूस मी, आणि पासलीची ही बाई, जिला उभंही राहता येत नाही, ती मला शिकवते? हे वाक्य मी तेव्हा तोंडाने बोललो नाही. मनात मात्र याच शब्दांत बोललो. ते इथे तसंच लिहितो.

शोरूममध्ये त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी उभी होती. रघुनाथने कुंदाला उचलून मागच्या सीटवर बसवलं, खुर्चीची घडी केली आणि डिकीत ठेवली. व्यवस्थित मावली. डिकीचं दार खटकन लागलं. सहाही जणांनी आत बसून बघितलं, लहानगी आईच्या मांडीवर. सगळ्यांचे चेहरे फुलले. त्यांना हवं होतं ते एवढंच. लग्नकार्याला, जत्रेला, दवाखान्याला सगळ्यांनी एकदम जायचं, आणि कुंदाची खुर्ची तिच्यासोबत जायची.

बाकीचे रंग बघायला गेले. कुंदा खुर्चीत बसून खांबापाशी थांबली होती. तिने मला हाक मारली.

"काका, एक विचारायचं ऱ्हायलं. ह्या गाडीत खुर्ची मावली. पर हायब्रीडची बॅटरी मागं डिकीखाली असती असं म्या वाचलंय. मंग तिथं जागा कमी न्हाई का? खुर्ची मावंल का तिच्यात?"

मला उत्तर माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये त्यांनी आम्हाला दोन्ही डिक्या शेजारी शेजारी दाखवल्या होत्या. हायब्रीडची डिकी वर उचललेली असते, उथळ. खुर्ची मावेल की नाही हे मी छातीठोक सांगू शकलो नसतो, पण यार्डापर्यंत चालत जायला मला दोन मिनिटं लागली असती. गाडी आणून खुर्ची ठेवून बघता आली असती.

मी म्हणालो, "एकच गाडी आहे हो ताई. फक्त इंजिन वेगळं. निवांत मावेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी आपल्याकडचे. तुमच्यावर विश्वास ठेवते." आणि वही मिटली.

यार्डातली गाडी जावी, हे कारण होतंच. पण खरं कारण दुसरं आहे. तिच्या एका तरी प्रश्नाचं उत्तर मला झटक्यात द्यायचं होतं.

पंधरा दिवसांनी गाडी द्यायचा दिवस. हार, नारळ, पेढे, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात घेऊन फोटो. रघुनाथने खुर्चीची घडी करून डिकीत घातली. दार लागेना. आडवी घातली. लागेना. पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या, तिरकी केली, तरी चार बोटं बाहेर. आई म्हणाली, "आरं, त्या दिशी तर बसली हुती." मी पुढे झालो आणि मागची अर्धी सीट पाडून दाखवली. "असं केलं की मावते बघा." मावली. पण सीट पाडली की सगळ्यांना बसायला जागा उरली नाही.

त्या दिवशी आप्पा एसटीने घरी गेले. नव्या गाडीच्या दिवशी. जाताना मलाच नमस्कार करून गेले.

 आठ दिवसांनी शोरूमला कुंदाचं पत्र आलं. स्वच्छ, मुद्देसूद. अमुक दिवशी अमुक ठिकाणी मी हा प्रश्न विचारला, तुमच्या माणसाने हे उत्तर दिलं. गाडी बदलून पेट्रोलची द्या, नाहीतर काय करता येईल ते सांगा. साहेबांनी तिला आणि रघुनाथला बोलावून घेतलं. केबिनमध्ये आम्ही चौघं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मला सरळ विचारलं, "मोहिते, हायब्रीडमध्ये खुर्ची मावेल का, असं यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? बोलणी खाल्ली असती. कदाचित काही तरी तोडगा निघाला असता. माझी नोकरी जाण्याइतकं ते मोठं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा डोळ्यासमोर एकच होतं, इतक्या वर्षांत माझ्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. उत्तम विक्रेता म्हणून भिंतीवर माझा फोटो होता.

मी म्हणालो, "नाही सर. त्यांनी पेट्रोलच्या गाडीत खुर्ची ठेवून बघितली. हायब्रीडचं विचारलं नाही."

"विचारलं हुतं," कुंदा म्हणाली. "त्या खांबापाशी विचारलं."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "ताईंचा काहीतरी गैरसमज होतोय. त्या एवढं सगळं वाचून आल्या होत्या सर, आम्हाला वाटलं डिकीचंही त्यांना माहीत असेलच."

रघुनाथने बहिणीकडे बघितलं. "कुंदे, खरंच विचारलं हुतंस का? आठव नीट."

 ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादा माणूस कुठवर जाऊ शकतो हे बघावं तशी. मी टेबलावरची कागदं सारखी करत बसलो. साहेबांनी दिलगिरी व्यक्त केली, गाडीचं पासिंग, म्हणजे नोंदणी, झाल्यामुळे बदलून देता येत नाही असं सांगितलं आणि एक सर्व्हिस फुकट देऊ केली. रघुनाथने ती घेतली.

त्यानंतर मी त्या प्रकरणाला मनातल्या मनात छोटं करत गेलो. गाडी तर चांगलीच आहे. मायलेज देते. रोजच्या जाण्यायेण्याला सीट पाडली की खुर्ची मावतेच. वर्षातून चार वेळा अडचण होत असेल. रघुनाथ सर्व्हिसिंगला यायचा, मी त्याची चौकशी करायचो, "ताई बऱ्या आहेत ना?" तो म्हणायचा, "बऱ्या हायेत." मला तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शोरूममध्ये छोटा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ. साहेब बोलायला उभे राहिले आणि भाषणात म्हणाले, "बावीस वर्षांत मोहितेंविरुद्ध एकच तक्रार आली, आणि तीही खोटी निघाली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको पहिल्या रांगेत बसली होती, तीही वाजवत होती. मी हात जोडले.

हात जोडले आणि मग खाली बघायला लागलो, ते बरेच दिवस खालीच बघत होतो. खोटी तक्रार करणारी बाई, असं त्या भरल्या हॉलमध्ये कुंदाचं नाव न घेता तिला म्हटलं गेलं होतं, आणि ते मी केलं होतं. तरी लगेच गेलो नाही. लग्नसराई झाली, पेरण्या झाल्या. रोज नवीन कारण. शेवटी बायकोलाच सगळं सांगितलं. ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "मग मी टाळ्या कशाला वाजवल्या?" दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मोटारसायकल काढली.

आषाढ चालू होता. वेल्ह्याच्या पुढे तोरणा ढगात गेला होता. खिंडीतून पलीकडे उतरलो तर दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली. पासलीत कुणाला विचारावं लागलं नाही. ओटीवर कुंदा लॅपटॉप घेऊन बसली होती, पायरीवर दोन माणसं कागद घेऊन थांबलेली. निळी गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली.

तिने मला लगेच ओळखलं. "बसा. फॉर्म भरायचाय का?"

"नाही," मी म्हणालो. आणि उभ्यानेच, त्या दोन अनोळखी माणसांसमोर, सांगून टाकलं. तुम्ही विचारलं होतं, मी खोटं बोललो होतो, दोनदा.

तिने लॅपटॉपवरून हात काढले. "मला कशाला सांगताय? म्या विचारलं हुतं त्ये मला म्हाईतच हाय. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना जाऊन सांगा. खाली खाचरात हायेत सगळी."

मी बूट काढले आणि बांधाने खाली गेलो. रघुनाथ, सुनीता, आई, सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, आलेली शेजारची चार-पाच माणसं ओळीने वाकून रोपं लावत होती. आप्पा बांधावर बसून रोपांच्या मुठी सोडवत होते. रघुनाथने मान वर केली. "मोहिते? तुमी हितं कुठं?"

"जरा बाजूला येता का? बोलायचं होतं."

"हात चिखलात हायेत. हितंच बोला की."

मग मी तिथेच बोललो. आठ-दहा माणसांचे हात थांबले. मी काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही, ओटीवर बोललो तेच. फक्त इथे आवाज मोठा करावा लागला, कारण पाणी वाहत होतं, आणि मोठ्याने कबूल केलेलं खोटं स्वतःच्याच कानाला फार घाण लागतं.

 रघुनाथने हातातली रोपांची मूठ बांधावर ठेवली.

"तिला वेल्ह्यात दुकान घ्यायचं हुतं," तो म्हणाला. "तहसील हापिसासमोर गाळा हुता भाड्यानं. म्या म्हनलो, तुला सोताची खुर्ची मावती का त्ये इचारता आलं न्हाई, तू काय दुकान चालवणार? असं म्हनलो मी तिला. समद्यांच्या म्होरं." त्याने घराकडे बघितलं. "तुमच्या एका शब्दावर म्हनलो वो."

आई म्हणाली, "माझ्या भावाच्या लेकाच्या लग्नात खुर्ची घरी ठिवून तिला उचलून न्हेली आन् कोपऱ्यात पलास्टिकच्या खुर्चीवर बसवली. पाच तास. पानी बी प्याली न्हाई, पुन्ना उचलावं लागंल म्हणून. वर म्याच तिला बोलले, तूच निवडलीस की गाडी, आता का रडतीस." आणि पदराने तोंड झाकलं. आप्पा माझ्याकडे न बघता मुठी सोडवत राहिले.

मला वाटत होतं की खाली जाऊन सांगितलं की माझ्या मनावरचं उतरेल. उलट झालं. इतकी वर्षं माझं खोटं मला एका डिकीएवढंच दिसत होतं. ते त्या घरात जेवायला, झोपायला, भांडायला होतं हे मला त्या बांधावर कळलं.

रघुनाथ खाचरातून वर आला आणि पाय न धुता घराकडे चालू लागला. मी मागोमाग. ओटीसमोर येऊन तो उभा राहिला. चिखलाचे हात अंगापासून लांब धरलेले.  शेवटी म्हणाला, "त्यो गाळा आजून हाय का गं?"

"न्हाई," कुंदा म्हणाली. "तिथं मोबाईलचं दुकान झालं. दोन वर्षं झाली."

"दुसरा बघू."

"बघू म्हनू नगंस, दादा. उद्या चल."

"उद्या चल," तो म्हणाला. "सुट्टी टाकतो." आणि तिथेच पायरीवर बसला. तिने त्याच्या डोक्यावरच्या इरल्यावरून गळणारं पाणी बघितलं आणि म्हणाली, "आरं, कागद भिजत्यात लोकांचे. सरक की." तो सरकला. तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मी तिथे असायला नको होतो.

मी निघायला वळलो तर तिने थांबवलं. "काका, तोंडी झालं. आता लिहून द्या. शोरूमच्या फाईलीत माझं पत्र हाय आन् त्यावर ‘तक्रार निराधार’ असा शिक्का हाय. तुमी बोला, म्या टाईप करते."

मी बोलत गेलो, ती टाईप करत गेली. तारीख, गाडीचा नंबर, खांब, प्रश्न, उत्तर. शेवटी मी सांगितलं, "त्या वेळी माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली."

तिची बोटं थांबली. "चुकीची माहिती? चुकीची माहिती म्हंजी तुमाला म्हाईत नव्हतं असं होतं. तुमाला म्हाईत हुतं ना?"

"होतं."

"मग काय लिहू?"

पायरीवर रघुनाथ होता, ती दोन माणसं होती. दारात सुनीता आणि लहानगी, जी आता लहानगी राहिली नव्हती, येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी खोटं बोललो, असं लिहा," मी म्हणालो.

तिने लिहिलं. प्रिंटरमधून दोन प्रती काढल्या, मला पेन दिलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी सह्या केल्या. एक प्रत माझ्या हातात दिली, शोरूमला नेऊन द्यायला, आणि पोच आणून द्यायला सांगितलं. दुसरी तिने घडी घालून वहीत ठेवली. मग पायरीवरच्या माणसाकडे बघून म्हणाली, "हां मामा, तुमचा उताऱ्याचा गट नंबर सांगा."

आमच्याकडे दारात आलेल्याला कुणी चहा विचारल्याशिवाय जाऊ देत नाही. वैऱ्यालाही नाही. मी बूट हातात घेऊन अंगणातून निघालो, गाडीला किक मारली, आणि त्या घरातून मला कुणीही चहा विचारला नाही.